शपथ, स्टिकर आणि बाहेर बसलेला मुलगा : नाशिकच्या एका वाचनवर्गातलं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या पंचवटी भागातल्या एका मराठी शाळेत मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर सातवीच्या मुलांचा वाचनवर्ग घेते. एकोणीस मुलं येतात. मी शाळेत नोकरीला नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक खोली आणि दोन तास दिले आहेत, तेवढंच. त्या वर्षी आम्ही एकच धागा धरला होता : गोष्टींमधल्या लहान मुलांची मैत्री. कोण कोणासाठी काय करतं, कुठे गप्प बसतं, कुठे तोंड उघडतं. दिवाळीच्या आधीपासून मार्क ट्वेनचं ‘टॉम सॉयर’ सुरू होतं. मी इंग्रजी पुस्तक समोर ठेवते आणि मराठीत सांगत जाते. पुस्तक १८७६ सालचं, मिसिसिपीच्या काठावरच्या एका गावातलं. पण ही मुलं गंगेच्या काठची (नाशिकला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही), त्यामुळे घरातून पळून नदीवर जाणारी पोरं त्यांना पहिल्याच दिवशी आपली वाटली.

या प्रकरणात तीन मुलं आहेत. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

कल्पेश आणि हर्षल बालवाडीपासूनचे दोस्त, एकाच वाड्यात राहणारे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं होतं. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं ते बघायला अख्खं नाशिक जातं, तसे हेही गेले, पण घरी न सांगता. शेवाळलेल्या पायरीवरून कल्पेशचा पाय सटकला. हर्षलने मागून त्याची कॉलर धरली. कॉलर फाटली, कल्पेश वाचला. घरी काय थाप मारायची ते दोघांनी वाटेत ठरवलं आणि गंगेची शपथ घेतली की हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. मला हे पुष्कळ नंतर कळलं. पण पुढचं सगळं या फाटक्या कॉलरीपाशी सुरू होतं, म्हणून आधी सांगते.

तिसरा गोरख. त्याच वर्षी जूनमध्ये पेठ तालुक्यातून आलेला. बोलण्याची ढब वेगळी, त्यामुळे पहिले दोन महिने मुलं त्याच्या शब्दांची नक्कल करायची. आई दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमध्ये रोजाने जाते. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढे बागेत बायकांच्या हाताला उसंत नसते. सकाळी सहाला पिकअप गल्लीच्या तोंडाशी येते. धाकटी बहीण शेजारच्या मावशींकडे. तिला काही झालं तर मावशींना फोन करता यावा म्हणून आई आपला मोबाईल गोरखच्या दप्तरात ठेवून जायची. शाळेत मोबाईलला बंदी आहे हे गोरखला ठाऊक होतं. आईला त्याने ते सांगितलं नव्हतं.

काय घडलं

नोव्हेंबरातला एक मंगळवार. मधल्या सुट्टीत वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गोरखच्या आईच्या नंबरवरून एक स्टिकर आला. चित्रकलेचे सर खुर्चीत मान टाकून झोपले आहेत, आणि खाली ‘कुंभकर्ण’. ग्रुपवर साठेक पालक, वर्गशिक्षिका आणि खुद्द सर. सर मानधनावर काम करणारे. त्यांची नेमणूक पुढच्या वर्षी चालू राहणार की नाही, ते वर्षाअखेरीस ठरायचं होतं.

गोरख तेव्हा खिचडीच्या रांगेत होता. तो परत आला तेव्हा मोबाईल दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात, होता तिथेच. तासाभरात त्याला ऑफिसात बोलावलं. मोबाईल आणलास का? आणला. तुझ्या आईचा आहे का? आहे. मग स्टिकर कुणी पाठवला? माहीत नाही. या तिसऱ्या उत्तरावर कुणाचा विश्वास बसला नाही, आणि पहिली दोन उत्तरं खरी दिली याची कुणी नोंद घेतली नाही.

बुधवारपासून वर्गशिक्षिकांनी त्याला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवलं. कबूल करेपर्यंत तिथेच. खो-खोच्या संघातून नाव काढलं. आईला शाळेत बोलावलं, तिचे दोन रोज बुडाले.

ही शिक्षा नियमात बसत नव्हती. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे. तेरा वर्षांच्या पोराला रोज सगळ्या शाळेसमोर व्हरांड्यात बसवणं हा मानसिक त्रास नाही तर काय आहे? पण तेव्हा मला हे ठाऊकच नव्हतं. शनिवारी गोरख वाचनवर्गाला आला नाही. मी विचारलं, कुणीतरी म्हणालं, ‘त्याला शिक्षा आहे.’ आणि मी पुस्तक उघडलं.

त्या शनिवारचा प्रश्न

त्याआधीच्या शनिवारी आम्ही स्मशानातला प्रसंग वाचला होता. टॉम आणि त्याचा दोस्त हक मध्यरात्री स्मशानात लपलेले असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत जो नावाचा माणूस डॉक्टरचा खून करतो आणि शुद्ध हरपलेल्या मफ पॉटरच्या हातात सुरा ठेवतो. पोरं जिवाच्या आकांताने पळतात. टॉम लाकडाच्या पातळ फळीवर शपथ लिहितो, दोघं बोटाला सुई टोचून रक्ताने आद्याक्षरं काढतात आणि फळी पुरून टाकतात. गावातला बेवडा पॉटर तुरुंगात जातो. खून आपण केला असं त्याला स्वतःलाही वाटत असतं.

या शनिवारी पुढचा भाग होता. टॉमची मैत्रीण बेकी, तिच्या हातून मास्तरांच्या खास पुस्तकाचं पान फाटतं. मास्तर एकेकाला उभं करून विचारत येतात. बेकीची पाळी येते, तिचा चेहरा पांढरा पडतो, आणि टॉम उठून ओरडतो की मी फाडलं. मार खातो. पुढे बेकीचे वडीलसुद्धा म्हणतात की हे खोटं उमद्या मनाचं होतं. मी तो प्रसंग रंगवून सांगितला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

तास संपताना कल्पेशने हात वर केला. ‘ताई, टॉमने ती रक्ताची शपथ मोडली, तर हक त्याच्याशी परत बोलेल का?’

मी हसून म्हटलं, ‘ते पुढच्या शनिवारी. खटला आहे पुढच्या वेळी.’ उत्कंठा टिकवायची हा माझा जुना शिरस्ता. मुलं दर आठवड्याला परत येतात ती त्यामुळेच. पण त्या क्षणी त्याचा प्रश्न पुस्तकातल्या हकबद्दल नव्हता. तो दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता, हे मला आजही दिसतं. तेव्हाही दिसलं होतं. मी त्याला थांबवून ‘का रे विचारतोस?’ एवढंच म्हणायला हवं होतं. या प्रकरणातला पहिला निर्णय तिथे झाला आणि तो चुकला.

त्याचा परिणाम असा झाला की कल्पेशच्या हातात पुढचा आठवडाभर दोनच नमुने राहिले. एक, शपथ घेऊन गप्प बसलेला टॉम. दुसरा, मैत्रिणीसाठी खोटं बोलून मार खाणारा टॉम, ज्याला आम्ही सगळ्यांनी टाळ्या दिल्या होत्या. कोर्टात उभा राहून खरं सांगणारा टॉम मी पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवला होता.

कल्पेशची कबुली

पुढच्या बुधवारी कल्पेश वर्गशिक्षिकांकडे गेला आणि म्हणाला, ‘बाई, तो स्टिकर मी पाठवला.’

आता घडलेलं खरं सांगते. स्टिकर हर्षलने पाठवला होता. क्रीडा सप्ताहाच्या तयारीत त्याने घरच्या मोबाईलवर सरांचा फोटो काढला होता आणि स्टिकर करून चुलतभावाला पाठवला होता. त्या सुट्टीत गोरखच्या दप्तरातून मोबाईल काढून चुलतभावाकडून तो परत मागवला आणि ग्रुपवर टाकला. गोरख मोबाईल उघडताना हर्षलने पॅटर्न पाहून ठेवला होता. कल्पेश मागच्या बाकावर बसून हे सगळं बघत होता. आणि हर्षलने स्क्रीन समोर धरल्यावर हसला होता.

त्याच्या डोक्यातला हिशोब तेरा वर्षांच्या मुलाला शोभेल असा नव्हता, फार पुढचा होता. मी कबूल केलं की गोरख सुटतो, हर्षलही वाचतो, शपथही राहते. शिक्षा फक्त मला. मी हे अजूनही हलकं मानत नाही. पुष्कळ मोठी माणसं याच्या अर्ध्या वाटेपर्यंतही जात नाहीत.

बाईंनी गोरखच्या आईचा मोबाईल त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, ‘उघडून दाखव.’

त्याला पॅटर्न येत नव्हता. त्याने तीनदा बोट फिरवलं, तीनदा मोबाईल थरथरला. बाईंनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या जागी सरळच होता : मोबाईल गोरखनेच उघडला, स्टिकर गोरखनेच पाठवला, आणि आता त्याने या भोळ्या पोराला पुढे केलंय. म्हणजे जे खोटं गोरखला सोडवायला बोललं गेलं, त्याने गोरखच्या डोक्यावर आणखी एक आरोप चढवला. गुरुवारीही तो व्हरांड्यातच होता. तो आठवा दिवस.

गुरुवारी दुपारी मोठ्या बाईंचा मला फोन आला. ‘तुमच्या वर्गातला मुलगा आहे. म्हणतो, टॉमनेही असंच केलं होतं. हा टॉम कोण?’

समोर काय काय मार्ग होते

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाई आणि मी तासभर बोललो. पहिली गोष्ट वादाचीच नव्हती : गोरखला आत्ताच्या आत्ता वर्गात बसवायचं. कुणी केलं हे कळो न कळो, त्याने केलं याला पुरावा नाही आणि कलम १७ तर आहेच. बाईंनी त्याच तासाला निरोप पाठवला. हे एक काम विनाअट व्हायला हवं होतं आणि झालं. खरं तर तो पहिल्याच दिवशीचा निर्णय होता.

खरा घोळ पुढचा. कल्पेश कुणाला तरी वाचवतोय हे उघड होतं. कोणाला, हेही सातवीत कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. मग काय करायचं?

हर्षलला सरळ बोलावून दरडावता आलं असतं. मोठ्या बाईंचा कल सुरुवातीला तिकडे होता. पण त्याने नाकारलं तर शेवटी साक्ष कल्पेशचीच लागणार, आणि ती आम्ही ओढून काढलेली असणार. दोघांना समोरासमोर उभं करणं हा त्याचाच वाईट प्रकार. मी त्याला ठाम विरोध केला. जिवलग मित्रासमोर उभं करून मुलाकडून त्याचंच नाव वदवून घेतलं, तर त्यातून सत्य कदाचित निघेल, पण त्या मुलाच्या मनात खरं बोलण्याबद्दल कायमची भीती बसेल.

मोबाईलवरून माग काढता आला असता. नंतर लक्षात आलं की स्टिकर चुलतभावाकडून आल्याची खूण त्या मोबाईलमध्येच कुठेतरी असणार. आम्हाला ते त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं असतं तर कल्पेशच्या साक्षीची गरजच उरली नसती, आणि मला आजही वाटतं की तोच सगळ्यांत बरा मार्ग होता. मोठ्यांना पुरावा शोधता येत असेल तर मुलाच्या धैर्याची परीक्षा कशाला घ्यायची?

तिसरा मार्ग मला मोह घालणारा होता. दुसऱ्या दिवशी शनिवार. वाचनात खटल्याचा प्रसंग. तो सगळ्यांसमोर, हर्षल समोर बसलेला असताना वाचायचा आणि बघायचं काय होतं. मोठ्या बाईंनाही ही कल्पना आवडली. मी रात्री ती बाजूला ठेवली. गोष्ट ऐकायला आलेल्या मुलावर गोष्टीचाच नेम धरायचा, हे मला करवेना. त्या शनिवारी मी ‘श्यामची आई’ काढलं. साने गुरुजींनी ते १९३३ साली इथल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातलं श्यामचं पोहणं वाचलं, पाण्याला घाबरून लपून बसलेला श्याम. खटला पुढे ढकलला.

चौथा मार्ग, कल्पेशशी एकट्याने बोलायचं, नाव न विचारता. तो आम्ही घेतला.

घाटावर

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या आईला विचारून मी त्याला गंगेवर घेऊन गेले. होळकर पुलाच्या अलीकडे पायऱ्यांवर बसलो. पाणी संथ होतं. पुढ्यात एक बाई द्रोणात दिवा सोडत होती, वाऱ्याने तो पुन्हा पुन्हा विझत होता आणि ती पुन्हा पेटवत होती. कल्पेश बराच वेळ त्या दिव्याकडेच बघत होता. वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

मी म्हटलं, ‘मला नाव सांगू नकोस. फक्त एवढं सांग, टॉमने बेकीसाठी खोटं सांगितलं तेव्हा मार कोणी खाल्ला?’

‘टॉमने.’

‘आणि पॉटरच्या वेळी तो गप्प राहिला, तेव्हा?’

तो बोलला नाही. मी पुढे गेले नाही. दोन प्रसंगांतला फरक मी त्याला समजावू शकले असते : एका ठिकाणी किंमत टॉमच्या पाठीवर आहे, दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्याच माणसाच्या गळ्यावर. पण त्याला तो कळला होता. बुधवारी तीन वेळा मोबाईल थरथरला तेव्हाच कळला होता.

मग तो एकदम म्हणाला, ‘ताई, मी पण हसलो होतो.’

मला वाटतं, या प्रकरणाची गाठ या वाक्यात होती. आम्ही मोठे त्याच्या गप्प बसण्याला मैत्रीची निष्ठा समजत होतो. त्यात निष्ठा होती, फाटक्या कॉलरीचं ऋण होतं, पण त्याखाली ही लाजही होती. खरं सांगायचं तर आपलं हसणंही सांगावं लागणार. एखादं मूल मित्राला का वाचवतंय हे शोधताना आपण मित्राकडेच बघत राहतो. त्या मुलाला स्वतःचं काय लपवायचं आहे, तेही विचारायला हवं.

नंतर तो म्हणाला, ‘विकर्ण बोलला होता ना सभेत. काय झालं? कर्णाने गप्प केलं त्याला.’ महाभारतातला हा विकर्ण, कौरवांतलाच एक भाऊ, त्याने आजीकडून ऐकलेला. मी म्हटलं, खरं आहे, द्रौपदीला त्या दिवशी त्याचा उपयोग झाला नाही. तो म्हणाला, ‘पण तो भावांना सोडूनही गेला नाही. लढला त्यांच्याच बाजूने.’ मला हा दाखला अडचणीचा वाटला, कारण विकर्ण शेवटी अन्यायाच्याच बाजूने लढत भीमाच्या हातून मेला. पण कल्पेशला त्यातून जे हवं होतं ते त्याने घेतलं होतं. ज्याच्या विरोधात बोलायचं, त्याचं राहताही येतं का, हे तो तपासत होता.

ठरवलं त्यानेच. शनिवारी रात्री हर्षलला सांगायचं : सोमवारी मी मोठ्या बाईंना सांगणार आहे. तू आधी सांग, मी तुझ्याबरोबर येतो.

मी हो म्हटलं. यात आणखी दोन दिवस जाणार होते आणि गोरखवरचा संशय पुसला जायला तेवढाच उशीर होणार होता. गोरख वर्गात परत बसला नसता तर मी हो म्हटलं नसतं. तरीही हा निर्णय बरोबर होता की नाही, याबद्दल माझं मन अजून पूर्ण शांत नाही. गोरखला विचारून हा वेळ कुणी घेतला नव्हता.

सोमवार

शनिवारी रात्री वाड्याच्या जिन्यात दोघं बोलले. हर्षल म्हणाला, ‘सांग ना. मग गंगेची शपथ पण मोड.’ आणि वर निघून गेला.

सोमवारी सकाळी सव्वासातला कल्पेश शाळेच्या फाटकापाशी उभा होता. हर्षल आला, त्याच्या अंगावरून निघून गेला. घंटा झाली. कल्पेश तसाच मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. मी बाहेरच्या बाकावर होते. आत येऊ का विचारलं, तर नको म्हणाला. बाईंनी नंतर मला त्याच्या बोलण्याचा क्रम सांगितला. आधी, ‘मी खोटं बोललो.’ मग, ‘मी बघितलं आणि हसलो.’ मित्राचं नाव सगळ्यांत शेवटी, आणि त्याबरोबर, ‘त्याने मला गंगेतून काढलं होतं.’ शपथ तिथे मोडली.

इथे मोठ्या बाईंनी जे केलं त्यासाठी मला त्यांचे आभार मानायचे आहेत. त्यांनी त्याला शाबासकी दिली नाही, वर्गात त्याचं उदाहरण दिलं नाही. त्याचं नाव कुठेच येऊ दिलं नाही. ट्वेनच्या कोर्टातही टॉम सोबत्याचं नाव घ्यायला जातो तेव्हा वकील त्याला अडवतो. हक त्यामुळे वाचतो. धीराने बोललेल्या मुलाचं संरक्षण करणं हे ऐकणाऱ्याचं काम आहे, हे त्या बाईंना पुस्तक न वाचताही माहीत होतं.

हर्षलला त्यांनी एकट्याला बोलावलं. त्याने नाकारलं. त्यांनी ताणलं नाही; म्हणाल्या, ‘बुधवारपर्यंत मी इथेच आहे.’ बुधवारी तो वडिलांना घेऊन आला. वडील रिक्षा चालवतात. सकाळचा धंदा सोडून आले होते आणि पूर्ण वेळ उभेच राहिले.

निष्पत्ती

वर्गशिक्षिकांनी वर्गासमोर सांगितलं की गोरखला चुकीची शिक्षा झाली. हे त्यांना जड गेलं, दोन दिवस लागले, पण केलं. ज्या ग्रुपवर स्टिकर आला होता त्याच ग्रुपवर शाळेने तसं लिहिलं. खो-खोच्या संघात गोरखचं नाव परत आलं. गोरखची आई मला म्हणाली, ‘माझे दोन रोज गेले ते गेले. पोरगं रात्री उठून बसायचं, त्याचं काय?’

हर्षलने चित्रकलेच्या सरांची माफी मागितली. फोटो काढला त्या दिवशी सर रात्रभर फ्लेक्सच्या दुकानात काम करून सकाळी क्रीडा सप्ताहाच्या तयारीला आले होते, हे मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलांच्याच काय, आमच्याही बोलण्यात सर सगळ्यांत शेवटी आले होते.

कल्पेश आणि हर्षल चार महिने बोलले नाहीत. एकाच जिन्याने चढायचे-उतरायचे. कल्पेशच्या आईने मला विचारलं होतं की मध्ये पडू का. मी नको म्हटलं. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी उघडतात. मोठाल्या हौदासारख्या, रंगाच्या पाण्याने भरलेल्या, त्यात धप्पा मारायचा. त्या दिवशी काठावर कल्पेश उभा असताना मागून कुणीतरी त्याला आत ढकललं. वर आला तेव्हा काठावर हर्षल होता. हर्षलने हात पुढे केला की नाही, याबद्दल दोघं आजही वेगवेगळं सांगतात. पण बोलतात.

वेगळं काय करता आलं असतं

‘त्याला शिक्षा आहे’ हे ऐकल्यावर कसली, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. गोरखचे निदान चार दिवस वाचले असते.

बेकीचा प्रसंग मी एकटा वाचायला नको होता. मुलांच्या गोष्टींत मित्रासाठी खोटं बोलणारा नायक फार मोहक असतो, आणि बहुतेक वेळा लेखक त्याला लगेच बक्षीस देतो. तो प्रसंग आणि खटला हे एकाच दिवशी, एकाशेजारी एक वाचायला हवेत. या वर्षी मी तसं करते. उत्कंठा थोडी कमी होते, चालेल.

माझी आणखी एक चूक पुस्तकाच्या निवडीतली. टॉम आणि हक गप्प असतात ते खुन्याच्या भीतीने. खुनी त्यांचा मित्र नाही. कल्पेशपुढचा पेच वेगळा होता, कारण दोषी त्याचा मित्रच होता. गोष्ट त्याच्या पायाला बेताचीच बसत होती आणि मी ती पूर्ण बसेल असं धरून चालले. मुलं गोष्टी स्वतःवर घालून बघतातच. कुठे तोकडी पडते हे त्यांच्याशी बोलायला हवं.

आणि ‘चुगली’ हा शब्द. वर्गात तो रोज उडतो. कुणाला अडकवायला सांगणं आणि कुणाला सोडवायला सांगणं, या दोन्हींना मुलांकडे एकच शब्द आहे. शाळेने वर्षाच्या सुरुवातीलाच, काहीही घडण्याआधी, यावर बोलायला हवं. घडल्यावर त्या बोलण्यात कुणाचं तरी नाव दडलेलं असतंच.

खटल्याचा शनिवार

डिसेंबरात, सगळं निवळल्यावर, मी खटला वाचला. गोरख परत येऊ लागला होता, धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन. तिला मागच्या बाकावर पाटी देऊन बसवायचा. हर्षल खिडकीपाशी, कल्पेश दुसऱ्या टोकाला.

टॉम आणि हक तुरुंगाच्या गजांतून पॉटरला तंबाखू आणि काडेपेटी नेऊन देतात आणि तो म्हातारा म्हणतो की सगळे मला विसरले, तुम्ही नाही विसरलात. हे वाचताना वर्ग एकदम गप्प झाला. मग टॉम रात्री खिडकीतून उतरून वकिलाकडे जातो, कोर्टात उभा राहतो, आणि खुनी जो खिडकीतून उडी मारून पळतो. शपथ मोडल्यामुळे हकचा माणसांवरचा विश्वास जवळजवळ उडतो, हेही वाचलं. कुणीतरी विचारलं, मग मैत्री तुटली का? नाही, म्हटलं. पुढे एका विधवा बाईचा जीव वाचवायला हक स्वतःच धावत जातो आणि विनवतो की मी सांगितलं म्हणून कुणाला कळू देऊ नका. कल्पेशने मान वर केली नाही.

मी पुस्तक मिटणार, तेवढ्यात गोरख म्हणाला, ‘ताई, पॉटरला सॉरी कोण म्हटलं?’

मी पानं मागे-पुढे केली. ज्या गावाने त्याला शिव्या घातल्या तेच गाव त्याला डोक्यावर घेतं, एवढं आहे. माफी कुणी मागत नाही. टॉमची रात्रीची वाईट स्वप्नं, टॉमचं कौतुक, टॉमची भीती यावर पानंच्या पानं आहेत. मी इतकी वर्षं हे पुस्तक वाचतेय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

‘कुणीच नाही,’ मी म्हटलं.

खिडकीपाशी बाक सरकल्याचा आवाज आला. गोरखने तिकडे पाहिलं नाही. त्याने बहिणीच्या पाटीवरचं काहीतरी तळहाताने पुसलं.

‘बरं,’ तो म्हणाला, ‘पुढचं वाचा.’